विकत घेतलेलं गाणं, पण सीडी फक्त सात वेळा!



"सर, माझा कोर्स, माझं ई-बुक लोक फुकट फिरवतात. कुलूप कसं लावू?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. कुलूप लावण्याआधी संगीताच्या धंद्यात काय झालं ते बघा.

२००३ मध्ये ॲपलने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू केलं. एक गाणं ९९ सेंटला. त्यावर 'फेअरप्ले' नावाचं डिजिटल कुलूप होतं. गाणं ठरावीक कॉम्प्युटरवरच वाजायचं. एकच प्लेलिस्ट सीडीवर १० वेळा बर्न करता यायची. २००४ मध्ये ही मर्यादा ७ वर आली.

आता गंमत बघा. बर्न केलेल्या ऑडिओ सीडीवर कुलूपच नसायचं! ती परत कॉम्प्युटरवर घेतली की गाणं मोकळं. म्हणजे चोर अडला नाहीच. मोजणी झाली ती पैसे देणाऱ्याची.

पुढे ऐका. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडींमधून कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर ग्राहकाच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन लपून बसायचं. बोभाटा झाला, सीडी परत मागवाव्या लागल्या. २००८ मध्ये याहूने आपलं गाण्यांचं दुकान बंद करताना ग्राहकांना सांगितलं, गाणी सीडीवर उतरवून ठेवा. कारण कुलूप उघडणारा सर्व्हरच बंद होणार होता!

शेवटी २००९ मध्ये ॲपलने गाण्यांवरचं कुलूप काढायचं ठरवलं. दुकान बुडालं का? नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, आपण काय ॲपल आहोत? आपली दहा विक्री गेली तरी महिना कोसळतो." अगदी खरं आहे. म्हणूनच सांगतो, चोरामागे धावायला तुमच्याकडे वेळ नाही आणि चिडलेला ग्राहक तर मुळीच परवडणारा नाही.

मग काय करायचं?

१. मर्यादा असेल तर पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगा.
२. पीडीएफवर घेणाऱ्याचं नाव छापा. फॉरवर्ड करताना माणूस दोनदा विचार करतो.
३. कॉपी होत नाही ते द्या: लाइव्ह शंका-समाधान, कामाची तपासणी, नवी आवृत्ती.
४. मोबाइल बदलला तरी जुन्या ग्राहकाला त्याचा माल मिळालाच पाहिजे.

माझं मत सरळ आहे. ज्याने पैसे मोजले, त्याला फुकट्यापेक्षा जास्त त्रास होत असेल, तर ते कुलूप तुमच्याच दुकानाला लागलंय.

आज एक काम करा. स्वतःचाच कोर्स ग्राहक म्हणून विकत घ्या आणि दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा. कुठे अडलात, ते लिहून काढा.