समजून घ्या : सीएनसीवर टूल जॉबमध्ये घुसलं, तर पगार ऑपरेटरचाच का कापायचा?

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण त्यांच्याच आडोशाला एखाद-दुसरं व्हीएमसी मशीन लावलेले छोटे गाळेही आहेत. अशाच एका गाळ्यात रात्रपाळीला टूल जॉबमध्ये घुसलं. टूल मोडलं, जॉब भंगारात गेला आणि भरपाई ऑपरेटरच्या पगारातून. कारण काय, तर 'झिरो चुकीचा घेतला.'

मशीनचा स्वतःचा झिरो ठरलेला असतो. जॉब मात्र टेबलावर कुठेही बांधला जातो. या दोन झिरोंमधलं अंतर म्हणजे वर्क ऑफसेट. फानुक कंट्रोलवर ते जी ५४ ते जी ५९ अशा सहा जागांत साठवता येतं. कॅम सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅमर जॉबचा एक बिंदू शून्य मानतो. ऑपरेटरने मशीनवर नेमका तोच बिंदू, तीच उंची पकडायची असते. (व्हायवात ही व्याख्या मी धडाधड सांगितली होती. पहिल्यांदा झिरो घेताना मात्र हात थरथरत होते.)

समजा, जॉब २५ मिमी जाड आहे. प्रोग्रॅमरने झिरो वरच्या पृष्ठभागावर धरला, ऑपरेटरने तळाशी घेतला. प्रोग्रॅम म्हणतो 'झेड ५', म्हणजे जॉबच्या ५ मिमी वर थांब. टूल मात्र पूर्ण वेगाने २० मिमी आत जायला निघतं. कॅमच्या सिम्युलेशनमध्ये सगळं सुरळीत दिसलेलं असतं, कारण मशीनवर झिरो कुठे घेतला हे त्याला कळत नाही.

आकड्यांचा घोळ वेगळाच. फ्यूजनमध्ये ऑफसेट १ म्हणजे जी ५४. मास्टरकॅममध्ये साधारणपणे ० म्हणजे जी ५४ आणि १ म्हणजे जी ५५. प्रोग्रॅमरने सवयीने १ टाकला, तर मशीन जी ५५ मध्ये पडून राहिलेले जुन्या जॉबचे आकडे उचलतं. यात ऑपरेटरचा काय दोष?

त्या रात्री ऑपरेटरकडे फक्त पेनड्राइव्ह होता. झिरो कुठे, कोणता ऑफसेट, कोणतं टूल हे सांगणारी सेटअप शीट नव्हती. ती कॅममधूनच काही क्लिकमध्ये निघते. माझ्या मते शीटशिवाय प्रोग्रॅम खाली पाठवणाऱ्याने ऑपरेटरकडे बोट दाखवूच नये. आणि हे पाठवणारे बहुतेक आम्ही इंजिनीअरच असतो. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार नुकसान थेट कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच, तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच कपात करता येत असे. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व कायम आहे.

शीट मिळेपर्यंत ऑपरेटरने एवढं करावं : पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, रॅपिड कमी करून चालवावा. टूल जॉबच्या वर असतानाच फीड होल्ड दाबून स्क्रीनवर दिसणारं उरलेलं अंतर आणि डोळ्यांना दिसणारं अंतर जुळतं का ते पाहावं. जुळत नसेल तर मशीन तिथेच थांबवून, रात्रीचे दोन वाजले असले तरी, प्रोग्रॅमरला फोन लावावा.