दौंडमध्ये फिटनेसचा व्यवसाय : पर्सनल की छोटी बॅच?



फिटनेस ट्रेनरचा कोर्स करून आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो : "सर, पर्सनल ट्रेनिंग करू की ग्रुप?" आणि त्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं. पर्सनल! कारण पुण्यात त्याने पाहिलेलं असतं की एका माणसामागे चांगली फी मिळते.

माझं मत स्पष्ट आहे. दौंडमध्ये सुरुवात करताय, तर सहा जणांची बॅच करा. पण हिशोब नीट समजून.

तुमच्या धंद्यात विकायला काय आहे? तास. आणि फी देणारी माणसं बहुतेक सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास एवढ्याच वेळात येतात. म्हणजे रोजचे विकाऊ तास चार. आता समजा पर्सनलची महिन्याची फी ५००० धरली. चार तासांत चार माणसं, २०,००० रुपये. हॉलचं भाडं १०,००० गेलं की हातात १०,००० उरले. त्यातूनच लाईटबिल आणि कर्जाचा हप्ता. त्यातल्या एकाची बदली झाली की पाव धंदा गेला!

आता तेच चार तास, प्रत्येक बॅचमध्ये सहा जण, माणशी १५००. एका बॅचचे ९०००, चारचे ३६,०००. भाडं तेच. एक जण सोडून गेला तर १५०० कमी होतील, झोप उडणार नाही.

पण थांबा. बॅचमध्ये तिघंच असतील तर ४५०० होतात, म्हणजे पर्सनलपेक्षाही कमी. सगळा खेळ चौथ्या माणसाचा आहे. पहिल्या बॅचमध्ये चौथा माणूस येत नाही तोवर दुसरी बॅच उघडू नका. बरेच जण उत्साहात चार बॅच जाहीर करतात आणि प्रत्येकीत दोन-दोन माणसं घेऊन बसतात.

दौंडची गिऱ्हाइकंही बघा. इथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, त्यामुळे भरतीची तयारी करणारी पोरं भरपूर. पोलीस शिपाई भरतीत मुलांच्या मैदानी चाचणीला ५० गुण : १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. धावायला सोबत लागते, एकटं पोरगं तेवढं जोरात पळत नाही. पण ७.२६ किलोचा गोळा फेकताना खांदा कुठे चुकतो, हे एकेकाचंच बघावं लागतं. चाळीस जणांच्या मैदानावर ते होत नाही, सहा जणांत होतं. तालमीतला वस्ताद वेगळं काय करतो? जोर-बैठका सगळ्यांच्या एकत्र, आणि डावातली चूक मात्र ज्याची त्याला.

दुसरं गिऱ्हाईक कुरकुंभ एमआयडीसीचं. शिफ्ट बदलली की सकाळचा माणूस संध्याकाळचा होतो. त्याला एकाच बॅचला बांधलं तर दुसऱ्या महिन्यात तो बंद होईल. म्हणून एकच व्यायाम सकाळीही घ्या, संध्याकाळीही घ्या, आणि शिफ्टवाल्याला कुठल्याही वेळी येऊ द्या. फक्त अशी माणसं एका बॅचला दोनपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर सहाचे दहा होतात आणि मग तुम्ही ट्रेनर न राहता शिट्टी वाजवणारे पीटीचे मास्तर होता.

पर्सनल अजिबात नको असं मी म्हणत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका, बाळंतपणानंतर व्यायाम सुरू करणारी ताई, यांना बॅचमध्ये ढकलू नका. डॉक्टरांचा सल्ला बघून त्यांना वेगळा वेळ द्या, आणि फी पूर्ण घ्या, लाजू नका. हा वेळ सकाळी अकराचा किंवा दुपारी चारचा ठेवा. गर्दीचा तास पर्सनलला दिलात तर त्या तासाचे ४००० रुपये तुम्ही स्वतःच सोडले.

मशीन घ्यायला अजून जाऊ नका. दोरी, चटया, दोन-चार डंबेल आणि भाड्याचा हॉल एवढ्यावर पहिली बॅच चालते. आधी ओळखीतली चार माणसं शोधा, त्यांच्याकडून एका महिन्याची फी हातात घ्या, आणि मगच हॉलवाल्याला ॲडव्हान्स द्या.