जनुकसंशोधकाची घडण

दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची एक संस्था आहे. १९७७ साली जैवरासायनिक तंत्रविद्येचे केंद्र म्हणून ती निघाली. २००२ साली तिचे नाव बदलले, आणि आज हिंदीत ती ‘जीनोमिकी और समवेत जीव विज्ञान संस्थान’ या नावाने ओळखली जाते. जीनोम म्हणजे सजीवाच्या पेशीत साठविलेला आनुवंशिक मजकुराचा संपूर्ण संच. माणसाच्या बाबतीत तो सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा भरतो. या नावातील ‘समवेत’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. गीतेच्या पहिल्याच श्लोकात तो आला आहे. पण तेथे समवेत झालेली मंडळी एकमेकांना साहाय्य करण्यासाठी जमली नव्हती, हे कोणासही ठाऊक आहे. निरनिराळी शास्त्रे एका छपराखाली गोळा झाली म्हणजे त्यांचे संगनमत होतेच असे नाही. ते करावे लागते, आणि ते करण्याची खरी जागा म्हणजे पीएच. डी. साठी येणारा विद्यार्थी होय.

या संस्थेतील तरुणांस पदवी मिळते ती संसदेने २०११ साली केलेल्या कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या वैज्ञानिक व नवोन्मेष संशोधन अकादमीकडून. या अकादमीचे मुख्यालय दिल्लीलगत गाझियाबाद येथे आहे. तिने प्रबंधाबरोबर अभ्यासक्रम सक्तीचा केला, आणि आणखी एक चांगली अट घातली : प्रत्येक विद्यार्थ्याने सहा ते आठ आठवडे ग्रामीण भागातील एखाद्या प्रश्नावर काम करावयाचे. प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेरही शिक्षण असते हे येथे तत्त्वतः मान्य झाले आहे. मग मानवी रोगांच्या जनुकांवर प्रबंध लिहिणाऱ्याने रुग्णालयात किती काळ काढावा, हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. आठवडाभराची भेट त्यास पुरणार नाही. निदान एक वर्ष तरी त्याने रुग्णांच्या सहवासात घालवावे, आणि ते वर्ष शिक्षणाचा गाभा मानले जावे.

दिल्लीतच घडलेले एक उदाहरण पाहावे. १९९९ साली जर्मन वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात तोल व हालचाली बिघडविणाऱ्या एका आनुवंशिक मज्जारोगाचे कारण सापडले. ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया’ या रोगसमूहातील हा बारावा प्रकार. बहुधा प्रौढ वयात हाताच्या कंपाने तो सुरू होतो आणि हळूहळू चालणे व बोलणे बिघडवितो. एका जनुकालगत तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. सामान्य माणसात त्याची आवर्तने सहसा ३२ च्या पुढे जात नाहीत. रुग्णांत ती ५० ओलांडून जातात. जगभर हा प्रकार अतिदुर्मिळ ठरला. परंतु २००१ च्या सुमारास अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मज्जाविकारतज्ज्ञ आणि वर उल्लेखिलेल्या संस्थेतील जनुकशास्त्रज्ञ एकत्र आले, तेव्हा उत्तर भारतात तो तितकासा दुर्मिळ नाही असे दिसून आले. पुढे २००५ साली असेही प्रसिद्ध झाले की, या कुटुंबांत हा दोष बहुधा एकाच प्राचीन पूर्वजापासून उतरला असावा.

हा शोध कोणा एकाचा म्हणावयाचा? कंप पावणारा हात पाहून ‘हा नेहमीचा कंपवात नव्हे’ असे ओळखणे हे चिकित्सकाचे काम. आवर्तने मोजणे हे प्रयोगशाळेचे, आणि शेजारच्या खुणांवरून पूर्वज एकच होता असा निष्कर्ष काढणे हे गणिताचे. पण या सर्वांच्या मधोमध एक चौथे काम असते आणि त्याचा अभ्यासक्रम कोठे शिकविला जात नाही. कुटुंबाची वंशावळ काढणे हे ते काम होय. आजोबांचे हात कापत होते काय, एखाद्या आत्याला लोक विनाकारण दुर्बळ मनाची समजत होते काय, हे घरातील मंडळींच्या विश्वासास पात्र ठरल्याशिवाय कळत नाही. ज्याने हे केले आहे त्याच्या आकडेवारीस निराळे वजन येते. कोणता आकडा डोळे झाकून घ्यावा आणि कोणता पुन्हा विचारून यावा, हे त्याला समजते.

त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. या रोगात पीडित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास दोष येण्याची शक्यता निम्मी असते, आणि रोग मुळापासून बरा करणारा उपाय अद्याप नाही. पंचविशीतील निरोगी मुलगा येऊन म्हणतो, माझे रक्त तपासा. तपासावे काय? निष्कर्ष सांगावा कोणी, आणि त्याच्या विवाहाची बोलणी चालू असतील तर कोणाकोणास? ज्या विद्यार्थ्याने पाच वर्षे केवळ संगणकावरील अक्षरे पाहिली, त्याच्यापुढे हा प्रश्न कधी येतच नाही. आणि म्हणून त्याच्या प्रबंधातही तो येत नाही. ही कुटुंबे बहुतांशी ज्या एका समाजातील आहेत त्याचे नाव शोधनिबंधांत छापलेले आहे. ते येथे दिलेले नाही, कारण शाळेच्या वाचनालयात ही पुस्तिका त्या समाजातील मुलाच्याही हाती पडेल.

नाव छापण्याचा हा प्रश्न दिल्लीतील शास्त्रज्ञांना अपरिचित होता असे नव्हे. भारतीय जनुकविविधतेच्या पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तीत ५५ समाजगटांतील १,८७१ व्यक्तींचा अभ्यास होता. त्या निबंधात समाजगटांस नावांऐवजी भाषाकुल, प्रदेश व समाजाचा प्रकार दर्शविणारी सांकेतिक अक्षरे दिली होती. अशी संकेतलिपी योजावयाची तर भाषाशास्त्र व समाजशास्त्र यांची जाण लागते. जनुकशास्त्रज्ञाला ती हौसेखातर नव्हे, कामाखातर लागते.

महाराष्ट्रातील वाचकांस ही रीत नवी वाटू नये. १९५१ साली मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि अर्थशास्त्रज्ञ व सांख्यिकीतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी मिळून महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनाचा ग्रंथ सिद्ध केला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. भेंडे यांनी सहकाऱ्यांसह एका नव्या रक्तगुणाची वार्ता ‘लॅन्सेट’मध्ये दिली. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट होय. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ भासते; परंतु अशा व्यक्तीस ‘ओ’ रक्त दिले तर तिचे प्राण धोक्यात येतात, कारण ‘ओ’ पेशींवर असणारा एक शर्करायुक्त घटक तिच्या पेशींवर नसतो व तिचे रक्त त्यास परके मानते. त्या टिपणावर सात नावे आहेत : तीन मुंबईच्या वैद्यकांची, चार लंडनच्या रक्तगटतज्ज्ञांची व जैवरसायनशास्त्रज्ञांची. यांतील कोणा एकाने त्यावर प्रबंध सादर केला असता, तर ‘यात तुमचे स्वतंत्र काम कोणते?’ या परीक्षकांच्या प्रश्नास त्याने काय उत्तर दिले असते? आजच्या विद्यार्थ्यापुढे तोच प्रश्न आहे. आणि त्याच्या भीतीने तो सामाईक कामातून एखादा सुटा, सुरक्षित तुकडा कापून घेतो.

दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबाद येथील आरोग्यविषयक संशोधनसंस्थेने २०१५ पासून गुरुग्रामच्या नागरी रुग्णालयात गर्भवती स्त्रियांची एक दीर्घ पाहणी हाती घेतली. मुदतपूर्व प्रसूतीची कारणे शोधणे हा तिचा हेतू. त्यासाठी गर्भाचे वय अचूक ठरविणे आवश्यक. पण प्रचलित सूत्रे पाश्चात्त्य स्त्रियांच्या मापांवर बेतलेली. मद्रास येथील आयआयटीच्या तज्ज्ञांसह या संस्थेने भारतीय स्त्रियांच्या मापांवरून दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीसाठी नवे सूत्र तयार केले व ते २०२४ साली जाहीर झाले. असले सूत्र बसविणाऱ्या गणितज्ञाने त्या रुग्णालयाच्या बाकावर काही दिवस बसावे. अनेक स्त्रिया सातव्या-आठव्या महिन्यात प्रथम का येतात, शेवटच्या पाळीची तारीख त्यांना का सांगता येत नाही, हे तेथे कळते. आणि ज्या कोष्टकातील रिकाम्या जागा त्याला नुसत्या अडचणी वाटत होत्या, त्या कोणत्या आयुष्यातून आल्या हे दिसते.

या विचारावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : अशाने ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतील. आक्षेप पोकळ नाही. जीवशास्त्र थोडे, संगणक थोडा, वैद्यक थोडे अशी शिदोरी बांधून दिलेला विद्यार्थी कोठेच उपयोगी पडत नाही. परंतु येथे मागणी सर्व विद्यांत प्रावीण्याची नाही. एका विद्येत पाय घट्ट रोवलेला असावा आणि दुसऱ्या विद्येतील माणसास नेमका प्रश्न विचारता यावा, एवढीच ती आहे. मुंबईच्या वैद्यकांनी शर्करांचे रसायन हाती घेतले नाही. ते कोणाकडे पाठवावे हे त्यांना कळले.

खरी अडचण काळाची व पैशाची आहे. परिषदेची संशोधनवृत्ती साधारणतः पाच वर्षे मिळते. त्यातील एक वर्ष रुग्णालयास दिले तर प्रबंध लांबणार, आणि लांबलेल्या वर्षात विद्यार्थ्याने खावे काय? तेव्हा सहाव्या वर्षाची वृत्ती आधीच मंजूर असली पाहिजे. प्रबंधास दोन मार्गदर्शक असावेत, एक प्रयोगशाळेतला व एक रुग्णालयातला, आणि दोघांच्याही स्वाक्षरीवाचून तो पुढे जाऊ नये. परीक्षकांत एक चिकित्सक असावा. सामाईक कामात कोणी काय केले हे प्रबंधातच सविस्तर लिहिण्यास मुभा असावी. चिकित्सकाचाही विचार करावयास हवा : सकाळपासून बाह्यरुग्ण विभागात उभ्या असणाऱ्यास विद्यार्थी शिकविण्याचा वेळ कोठून मिळणार? आठवड्यातील एक दिवस त्यास या कामासाठी मोकळा द्यावा आणि त्या दिवसाचे रुग्ण पाहण्यास दुसरा डॉक्टर नेमावा. भारतातील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जीनोम वाचण्याचा प्रकल्प २०२० साली सुरू झाला. त्यातून आलेली माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली झाली व ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेविलेली आहे. हा खर्च देशाने केला आहे. त्याच्या मानाने एका डॉक्टरचा आठवड्यातील एक दिवस फार महाग पडणार नाही.