हातपंप कुणाच्या दारात?

परंडा तालुक्यातल्या काळभैरवनाथाच्या सोनारीपासून जामखेड फार लांब नाही. भाग तोच, दुष्काळी. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. लोकांना औषधाआधी पाणी हवं होतं. मग हातपंप बसले, तेही मुद्दाम दलित वस्तीत. पाणी हवं असेल तर सवर्णांनी तिकडे जायचं! अशा एका पंपाने जे साधलं, ते पन्नास प्रवचनांनी साधलं नसतं.

पुढे गावातल्याच निरक्षर बायका, त्यात अनेक दलित, आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण, लसीकरण, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, सगळं त्या पाहू लागल्या. जिनिव्हातल्या जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाने हे काम जगापुढे मांडलं. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नाताळला ब्लँकेटं वाटून फोटो काढणाऱ्या चर्च-मंडळींनी (आणि अन्नदानाचे फलक लावणाऱ्या देवस्थानांनीही) एकदा जामखेडला जाऊन यावं. यंदाचा निधी त्यांनी गावातल्या दोन बायकांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा.