अहवाल कोणाच्या हाती द्यायचा?

लातूर-नांदेडच्या प्रसूतिगृहांत गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी आता नेहमीची झाली आहे. नवऱ्याची मात्र अभावानेच होते. घरात पहिले रक्त तिचे तपासले जाते, म्हणून आजार घरात आणला तो तिनेच, असा हिशेब सासरी मांडतात. नवरा ट्रकवर असो, पुण्याला कामाला असो की ऊसतोडीच्या टोळीत; त्याला लागण आधीच झाली असेल का, हे कोणी विचारत नाही. आधी कोण तपासले गेले यावरून आधी कोणाला लागण झाली हे ठरत नाही, एवढे साधे वाक्य नातेवाइकांपुढे बोलायला आपल्याला डॉक्टरांना ओपीडीत वेळ सापडत नाही.

त्यात पहिले बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती दुसऱ्याच तालुक्यात, आणि अहवाल काउंटरवरून उचलतो तो भाऊ. फाइलवर लाल शाईची खूण असते. सिस्टरपासून मावशीपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. जिचा अहवाल आहे तिला तेवढे कोणी बसवून सांगितलेले नसते. गावात बातमी पसरल्यावर काय होते ते लातूर जिल्ह्याने २००९ साली पाहिले आहे. हासेगावच्या ‘सेवालय’ या संस्थेतली एचआयव्हीबाधित मुले आपल्या मुलांशेजारी बसू नयेत म्हणून पालकांनी शाळेला विरोध केला होता.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा आपल्यापैकी किती जणांनी वाचला असेल, याविषयी मला शंका आहे. निदान कलम ९ तरी वाचा. जोडीदाराला धोका आहे आणि रुग्ण स्वतः सांगणार नाही, असे वाटले तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समक्ष, समुपदेशन करून सांगू शकतो. पण सांगितल्याने बाईला मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचे नाही. सासू, दीर, भाऊ यांचा तर प्रश्नच येत नाही. कलम २९ तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देते. नवऱ्याच्या तेराव्यानंतर माहेरी धाडलेल्या सुनेला हे आपण सांगितले नाही, तर कोण सांगणार?

आणखी एक सवय सोडायला हवी. आपल्या लॅबमध्ये एक कार्ड रिअॅक्टिव्ह आले म्हणजे निदान झाले असे नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर खात्री होईपर्यंत बोलू नये. खात्री झाल्यावर मात्र उशीर नको. उपचारांविना बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, वेळेवर एआरटी मिळाली तर ते पाच टक्क्यांखाली येते. गोळ्या सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात. ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हणून नऊ महिने भरलेली बाई पाठवून देणे हा याच कायद्याने भेदभाव ठरतो.

मला सुचणारा उपाय साधा आहे. पहिल्या सोनोग्राफीला पुष्कळ नवरे येतात, बाळाचे ठोके ऐकतात. त्याच दिवशी दोघांनाही एकत्र समजावून दोघांचे रक्त घ्यावे. जो परगावी आहे त्याला दिवाळीला किंवा पोळ्याला गावी आल्यावर बोलवावे. काही येणार नाहीत, पण आज आपण बोलावतच नाही. संमती त्याचीही वेगळी घ्यायची आणि अहवाल ज्याचा त्यालाच द्यायचा. जावई आहे म्हणून सासऱ्यांच्या हातात नाही.