प्लॉट में कुछ काला है!

‘पुण्यापासून फक्त पाऊण तास! बारमाही ओढा! तीस फुटी रस्ता! अकरा लाखांत पाच गुंठे!’

शनिवारी एफसी रोडवर कॉफी पिताना मैत्रिणीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मुळशीतला वीकेंड प्लॉट. लाखभर टोकन मंगळवारपर्यंत द्यायचं, नाहीतर ‘दुसरी पार्टी रेडी आहे’. साइट व्हिजिट झाली होती. एजंटने एसी गाडीतून नेलं, पिठलं-भाकरी खिलवली, सनसेट दाखवला. मॅडम फुल टू फिदा!

‘‘सातबारा बघितलास?’’

‘‘ते नंतर वकील बघेल ना गं.’’

बॉस, आपण तीनशे रुपयांचा टी-शर्ट घेताना चाळीस रिव्ह्यू वाचतो. आणि सहा वर्षं नाइट शिफ्ट करून साठवलेले अकरा लाख एका सनसेटवर उधळायचे? मी लॅपटॉप उघडला.

पहिला स्टॉप, गुगल अर्थ. हे २००५ मध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते. दादाने सायबर कॅफेत नेऊन आमच्या बिल्डिंगची गच्ची दाखवली होती, आणि वाळत घातलेल्या चादरी दिसतात का म्हणून आम्ही डोळे फाडून बघत बसलो होतो. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास त्या गच्चीपाशीच थांबला. पण त्यात जुन्या फोटोंची टाइमलाइन आहे, तिच्यावरून मागे मागे जाता येतं. मॅडमने साइटवर पिन सेव्ह केली होती, तिथे गेलो. पावसानंतरच्या फोटोत सगळं हिरवंगार आणि ओढा झुळझुळ. उन्हाळ्याच्या फोटोत? नुसते दगड. एक नाही, तीन उन्हाळ्यांत! आणि ‘थोडासा उतार’ म्हणजे काय, तर प्लॉटच्या वरच्या आणि खालच्या टोकांच्या उंचीत चक्क बारा मीटरचा फरक. म्हणजे चार मजली बिल्डिंग. घर बांधायचं की घसरगुंडी?

आता खरा पिक्चर. त्यासाठी लागतो गट नंबर. एजंटला फोन केला तर म्हणे, ‘साइटवर सांगतो’. तिसऱ्या फोनला मिळाला. (तुमच्यासाठी फंडा नंबर वन: जो गट नंबर देत नाही, त्याला टोकन देऊ नका.)

राज्य सरकारच्या महाभूनकाशा साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावाचा नकाशा उघडतो. जिगसॉ पझलसारखे तुकडे, प्रत्येकावर नंबर. तुकड्यावर क्लिक केलं की जमीन कोणाच्या नावावर आणि किती, ते बाजूला येतं. आम्ही ब्रोशरमधला तीस फुटी रस्ता बोटाने नकाशावर गिरवला. तो तीन वेगळ्या गटांतून जात होता आणि तिन्हींचे मालक वेगळे. त्यांनी रस्ता द्यायचं कागदावर कबूल केलंय का? एजंटकडे उत्तर नव्हतं.

मग महाभूलेख. तिथे गट नंबर टाकून सातबारा फुकट बघता येतो. डिजिटल सहीचा, सरकारी कामाला चालणारा हवा असेल तर पंधरा रुपये. आपली कॉफी दोनशे ऐंशीची होती, जस्ट सांगतेय. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक काय. शहरी जनतेने तीन गोष्टी बघायच्या. मालकांची नावं किती? इथे नऊ होती, विकायला निघालेला एकच. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय? इथे कर्जाचा बोजा होता. आणि जमीन एनए, म्हणजे बिनशेती झालीय का? इथे एजंट म्हणत होता, ‘होऊन जाईल’. होईल तेव्हा होईल, पण आज ती शेतजमीन आहे. आणि १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही.

मंगळवारी मॅडमने हे सगळं एजंटला विचारलं. तो गप्प. मग म्हणाला, ‘‘मॅडम, एवढं कोण बघतं?’’

लाख रुपये वाचले. कॉफीचं बिल तिने भरलं!

एक मात्र सांगून ठेवते. नकाशा माउसने बघितला म्हणजे जमीन कळली असं नाही. स्क्रीनवरची रेष ही माहितीपुरती. हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने. कोर्टात भांडण चालू आहे का, विहिरीचं पाणी मे महिन्यात टिकतं का, हे शेजारच्या शेतातल्या काकांना विचारायला लागतं. नकाशा फक्त सांगतो, काय काय विचारायचं ते. वकीलही हवाच, पण टोकन देण्याआधी.

स्टोरी इथे संपायला हवी होती. पण त्या रात्री झोप येईना म्हणून मी सहज आमच्या गावाचा नकाशा उघडला. सातारा जिल्ह्यातलं गाव, लहानपणी मे महिन्यात जायचो. महाभूलेखवर नावाने शोधता येतं म्हणून तिथे आजोबांचं नाव टाकलं. आणि ते आलं! तीन गट, मिळून पावणेदोन एकर. आजी ज्याला ‘आंब्याचं वावर’ म्हणायची ते नकाशावर नुसता एक नंबर होतं, पण ओढ्याचं वळण बघून मी ओळखलं.

आजोबांना जाऊन चौदा वर्षं झाली. सातबाऱ्यावर अजून तेच. वारस नोंद कोणी केलीच नाही.

बाबांना फोन केला. म्हणाले, ‘‘करू गं सावकाश. माझं नाव लावून घेऊ.’’

‘‘आणि आत्याचं?’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘‘तिने कधी मागितलं नाही.’’

‘‘बाबा, २००५ पासून कायदा आहे. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. तिने मागायचं कशाला?’’

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, झालं, आता दिवाळीपर्यंत अबोला. तर रविवारी सकाळी स्वतःच फोन. ‘‘ते तलाठ्याकडे ऑनलाइन अर्ज करायचं काय असतं, ते बघून ठेव. तुझ्या आत्यालाही बोलावलंय. आधार कार्ड घेऊन ये म्हटलंय.’’

ई-हक्क नावाची सोय आहे त्यासाठी. आम्ही तिघं पुढच्या शनिवारी बसतोय.

तुम्ही या वीकेंडला काय करताय? मल्टिप्लेक्सला जा, जरूर जा. पण त्याआधी दहा मिनिटं तुमच्या गावाचा नकाशा उघडा. कोणाचं नाव आहे ते बघा. आणि कोणाचं नाही, तेही.