सोयाबीनची ओल मोजतो, भिंतीची का नाही?

मोंढ्यात सोयाबीनची गाडी लागली की आडत्याचा पहिला प्रश्न ओलाव्याचा असतो. मूठभर दाणे छोट्या यंत्रात टाकले जातात आणि आकडा समोर येतो. हमीभावाच्या खरेदीत हा आकडा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांना त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागले नाही. ओल अंदाजाने सांगायची नसते, मोजायची असते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. मात्र पुराच्या पाण्यात उभी राहिलेली घराची भिंत वाळली की नाही, हे अजूनही हात लावूनच ठरते. या अंदाजाची किंमत पुढे छातीला मोजावी लागते.

ऑगस्ट २०२५ च्या मध्यावर मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी धरण परिसरातील रावणगाव, हसनाळसारख्या गावांना एका रात्रीत पाण्याने वेढले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली, बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. सप्टेंबरमध्ये मांजरा, तेरणा आणि गोदावरीकाठच्या गावांनी पुन्हा पाणी पाहिले. अशा वेळी काय करायचे, याची एक घडी आता बसली आहे. बोटी घेऊन येणारी पथके प्रशिक्षित असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना शोध, बचाव आणि प्रथमोपचार शिकवले जातात. पाणी ओसरले की आरोग्य पथक येते, विहिरींत क्लोरीन टाकले जाते, अतिसार आणि लेप्टोस्पायरोसिसवर नजर ठेवली जाते. मग तलाठी पंचनामा करतो.

त्यानंतर गावात उरते ते ओले घर. त्याचे काय करायचे हे शिकलेला माणूस मात्र कोणत्याच पथकात नसतो.

कोरडी दिसणारी भिंत

वीट, माती, चुना, सिमेंट या सगळ्यांत बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तशी भिंत पाणी वर ओढते. त्यामुळे पुराची रेघ कमरेइतकी असली, तरी आतली ओल तिच्याही वर चढलेली असते. पाणी गेल्यावर भिंतीचा पृष्ठभाग आधी वाळतो आणि गाभा ओलाच राहतो. चांगल्या हवेत विटांच्या भिंतीची एक इंच जाडी वाळायला सुमारे एक महिना लागतो, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे. दोन्ही बाजूंनी वारा मिळाला तर काम लवकर होते. तरीही नऊ इंची भिंतीसाठी हा हिशेब काही महिन्यांचा निघतो.

मराठवाड्यात त्याच महिन्यांत सण येतात. पूर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. घराला पाण्याचा डाग राहू नये म्हणून घाईने गिलावा होतो आणि वर ऑइलपेंट किंवा डिस्टेंपर चढतो. घट्ट बसणारा रंग ओल आत कोंडतो. मग लोणा फुटतो, रंगाला फुगे येतात आणि कपाटामागे, पलंगाखाली, कोपऱ्यांत काळे-हिरवे ठिपके उमटू लागतात. घरमालकाला वाटते की रंगाऱ्याने काम वाईट केले. खरे म्हणजे रंगाची वेळ चुकलेली असते.

मातीच्या घरांचा धोका याहून वेगळा. जुन्या माळवदाच्या घरात ओल शोषून छत जड होते आणि भिंतीचा पाया मऊ पडतो. काळी माती भिजल्यावर फुगते, वाळताना आकसते. त्यामुळे पाऊस थांबून ऊन पडल्यावरही अशा भिंती कोसळतात. हे घर कसे वाळते आहे यावर लक्ष ठेवणे हा थेट जिवाचा प्रश्न आहे.

छातीपर्यंत पोहोचणारी ओल

भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळल्या नाहीत, तर त्यांवर बुरशी धरू शकते. अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्स परिसरातील हजारो घरांत ती धरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांत खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास अधिक आढळतो, असा तिचा निष्कर्ष आहे. यात बुरशीचा वाटा किती, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा किती आणि जिवाणूंचा किती, हे वेगवेगळे काढता येत नाही. हवेत बुरशीचे बीजाणू किती असले तर चालतील, असा सुरक्षित आकडाही संघटनेने दिलेला नाही. म्हणून उपाय एकच उरतो, तो म्हणजे ओल मुळातच राहू न देणे.

याचा सर्वाधिक भार लहान मुले, दमेकरी आणि वृद्ध यांच्यावर पडतो. क्षयरोगातून बरे झालेल्यांचाही विचार करावा लागतो. क्षयामुळे फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत अॅस्परजिलस ही बुरशी घर करू शकते. त्यामुळे खोकल्यातून रक्त येऊ शकते आणि क्षय उलटला असा समज होऊ शकतो. कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी बुरशी धरलेल्या खोलीपासून दूर राहिलेले बरे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२१ मध्ये करोनानंतर ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. तो आजार म्युकरमायकोसिसचा होता आणि त्यामागे अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड ही मोठी कारणे होती. भिंतीवरचे काळे ठिपके सहसा वेगळ्या बुरशींचे असतात. ते पाहून घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये.

हे सारे हिवाळ्यात दवाखान्यात पोहोचते तेव्हा पुराशी त्याचे नाते कोणी जोडत नाही. मुलाचा खोकला जात नाही, पंप लिहून दिला जातो, औषध बदलले जाते. ‘घरात पाणी शिरले होते का? मूल कोणत्या भिंतीला लागून झोपते?’ हे दोन प्रश्न विचारले, तर अनेकदा उपचाराची दिशा बदलते.

मुद्दाम बुडवलेले घर

पाण्याने भिजलेली इमारत वाळवणे हा जगात अनेक ठिकाणी शिकून करण्याचा व्यवसाय आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये स्थापन झालेली आयआयसीआरसी ही संस्था त्याचे प्रमाणपत्र देते. तिने १९९४ मध्ये ‘एस ५००’ हे मानक प्रसिद्ध केले आणि पुढे ते वेळोवेळी सुधारले. त्यात पाण्याचे तीन वर्ग आहेत. नळाचे स्वच्छ पाणी पहिल्या वर्गात, कपडे धुण्याच्या यंत्रातून सांडलेले पाणी दुसऱ्यात, तर गटाराचे आणि पुराचे पाणी तिसऱ्या, सर्वांत घाण वर्गात. पाणी कोणत्या वर्गाचे आहे त्यावरून कोणती वस्तू धुऊन ठेवायची आणि कोणती टाकून द्यायची, हे ठरते.

पायाभूत अभ्यासक्रम साधारण तीन दिवसांचा असतो आणि शेवटी परीक्षा होते. ती उत्तीर्ण झालेल्यालाच इमारत वाळवण्याच्या पुढच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी एक घर मुद्दाम पाण्याने भिजवतात. विद्यार्थ्यांनी ओल कुठवर गेली ते यंत्राने शोधायचे, पंखे आणि आर्द्रता शोषणारी यंत्रे मांडायची, रोज नोंद घ्यायची आणि ते घर वाळवून दाखवायचे. कोरड्या भागातली नोंद आणि भिजलेल्या भागातली नोंद जुळली की काम संपले. ‘वाळल्यासारखे वाटते’ या शेऱ्याला तिथे गुण नाहीत.

हा अभ्यासक्रम जसाच्या तसा इथे आणून उपयोग नाही. तो लाकडी सांगाडा, जिप्समच्या पातळ भिंती आणि गालिचे यांच्या घरांसाठी रचलेला आहे. आपल्याकडे दगड-माती, विटा, शहाबादी फरशी आणि पत्रे आहेत, आणि पुरानंतर कित्येक दिवस वीज नसते. मात्र त्यातली शिस्त घेण्यासारखी आहे. आधी सुरक्षितता पाहायची, मग घाण काढायची, मग वाळवायचे, मोजून खात्री करायची आणि शेवटी दुरुस्ती करायची.

किल्लारीनंतर जमले होते

मराठवाड्याला असे काम नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक जड छते आणि दगड-मातीच्या रुंद भिंतींखाली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. काही गावे नव्या जागी वसली. इतर गावांत घरमालकांनी स्वतः आपल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण केले. त्यासाठी गवंड्यांना प्रशिक्षण मिळाले आणि गावातल्या महिलांनी ‘संवाद सहायक’ म्हणून तांत्रिक माहिती घरोघरी पोहोचवली. भूकंपाने शिकवलेले कोपऱ्याचे दगड आणि जोडपट्टे गवंड्याच्या हातात उतरले. पुराने शिकवलेली ओल मात्र अजून कोणाच्याच हातात उतरलेली नाही.

आयटीआयमध्ये गवंडीकाम, वीजजोडणी, नळकाम हे व्यवसाय शिकवले जातात. भिजलेले घर वाळवणे हा त्यांतला वेगळा व्यवसाय नाही, आणि तो वेगळा असण्याची गरजही नाही. शिकलेल्या गवंड्याला आणि वीजतंत्र्याला आठवडाभराची जोड पुरेल. वीजप्रवाह तोडून घरात शिरणे, भिंत पडायला आली आहे का ते ओळखणे, पाण्याच्या रेषेच्या वर फूट-दोन फुटांपर्यंत गिलावा काढणे, वारा आरपार खेळवणे, ओलावामापक वापरणे, बूट-हातमोजे-एन ९५ मास्क वापरणे आणि नोंदवही ठेवणे हे त्यात यावे. साधा ओलावामापक काही हजार रुपयांत मिळतो. परीक्षा प्रत्यक्ष भिजलेल्या खोलीत व्हावी. २०१८ च्या केरळच्या महापुरानंतर तिथल्या आयटीआयचे विद्यार्थी घरोघरी वीजजोडणी दुरुस्त करत होते. नांदेड-लातूरच्या आयटीआयलाही हे जमू शकते.

प्रमाणपत्राला मोल येते ते त्याची गरज निर्माण झाल्यावर. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये ठरवले गेले, आणि त्यासाठी किमान १५ टक्के पडझड असावी लागते. घरात पाणी शिरल्याबद्दल तातडीची मदत मिळते, पण भिंत उभी आहे आणि गाभ्यापर्यंत भिजली आहे, हे पंचनाम्यात कुठे लिहायचे? ओलाव्याची नोंद हा पंचनाम्याचा एक रकाना झाला, तर ती नोंद घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाची गरज आपोआप निर्माण होईल. आणि सुरुवात गावातल्या शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रापासून व्हावी. लहान मुले आणि आजारी माणसे जिथे येतात, त्या भिंती आधी वाळल्या पाहिजेत.

तोवर घरात एवढे करा

पाणी ओसरल्यावर मुख्य बटण बंद असल्याची खात्री केल्याशिवाय आत जाऊ नये. भिजलेल्या कापसाच्या गाद्या आणि उशा वाळवून वापरण्याचा मोह टाळावा. आधी गाळ खरवडून साबणाच्या पाण्याने धुवावे, निर्जंतुकीकरण त्यानंतर. चिखलावर टाकलेले ब्लीचिंग वाया जाते. ब्लीचिंग आणि शौचालयाचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. भिंती वाळवायला बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेतच मृत्यू येऊ शकतो. पायाला जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. चिखलात काम केल्यावर ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा.

दमट दिवशी नुसत्या उघड्या खिडकीने भिंत वाळत नाही. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावावा, सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. रंगाआधी दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून एक दिवस ठेवावे. आतून दव धरले, तर भिंत ओली आहे. ही कसोटी ढोबळ आहे, पण हाताच्या अंदाजापेक्षा बरी. तोवर सणासाठी साधा चुना मारावा, त्यातून भिंतीला श्वास घेता येतो.

पाऊस कितीही चांगला झाला तरी वाफसा आल्याशिवाय शेतकरी पेरणीला हात घालत नाही. शेजाऱ्याने घाई केली तरी तो थांबतो, कारण चुकीच्या ओलीत टाकलेले बी वाया जाते हे त्याला माहीत असते. घरालाही असा वाफसा असतो. तो ओळखणारी माणसे पुढच्या पुराआधी प्रत्येक तालुक्यात तयार झाली पाहिजेत.